मुलांचा दिवस आणि आपली दक्षता
(संस्थेच्या पालक मेळाव्यात प्राथमिक शाळेच्या पालकांपुढे केलेले भाषण)



स्मरणिकेच्या पानांतून हे भाषण जे वाचतील त्यांनाही मी पालकच समजून बोलणार आहे. आपल्या संस्थेच्या व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व, इमारत निधी, निकालाची टक्केवारी या विषयांवर पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु पहिली ते चौथीतले मूल शाळेच्या बाकावर ताजेतवाने, पोट भरलेले आणि धडधाकट येऊन बसले, तरच त्या इमारतीचा व त्या टक्केवारीचा उपयोग. म्हणून आज मी मोठ्या गोष्टी बाजूस ठेवून एका लहान गोष्टीविषयी बोलणार आहे. ती म्हणजे मुलाचा रोजचा दिवस.

आपल्यातील काही मंडळी म्हणतील की, राखणारा अल्लाह आहे. निःसंशय आहे. परंतु उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्यास प्रेषितांनी (स.) आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, अशा आशयाचा उपदेश केल्याचे हदीसमध्ये आले आहे. संध्याकाळ झाली म्हणजे मुलांना घरात घ्यावे, भांडी झाकावीत, निजण्यापूर्वी दिवे विझवावेत, ही शिकवणही हदीसमध्येच आहे. तेव्हा दक्षता आणि श्रद्धा यांच्यात विरोध आहे असे कोणी मानू नये.

प्रथम झोपेचा विचार करू. सहा ते बारा वर्षांच्या मुलास चोवीस तासांत 9 ते 12 तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. आता आपल्या घरांचा हिशेब मांडून पाहा. मूल मक्तबसाठी सकाळी 6 वाजता उठते. म्हणजे रात्री 9 वाजता ते झोपलेले असावयास हवे. प्रत्यक्षात काय होते? कोकणातील आपल्या अनेक कुटुंबांत वडील आखातात नोकरीस आहेत. कुवेतचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, दुबईचे दीड तास. कुवेतमध्ये वडील रात्री 9 वाजता कामावरून खोलीवर येतात व फोन करतात, तेव्हा येथे साडेअकरा वाजलेले असतात. मूल वडिलांचे तोंड पाहण्यासाठी जागे ठेवले जाते किंवा झोपेतून उठविले जाते. बोलणे संपले तरी फोन हातातच राहतो आणि बारा वाजतात. सहा तासांच्या झोपेवर ते मूल मक्तबला आणि तेथून शाळेत जाते. रोजचे तीन तास कमी, म्हणजे सहा दिवसांत अठरा तासांची तूट झाली. असे मूल वर्गात पेंगते, चिडते, रस्त्यात त्याचे लक्ष नसते आणि आपण मात्र म्हणतो, ‘पोराचे डोके चालत नाही.’

वडिलांशी बोलणे बंद करा, असे मी मुळीच म्हणत नाही. दूर असलेल्या बापासाठी ते पाच मिनिटांचे बोलणे काय असते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. मी एवढेच सुचवितो की वेळ बदला. आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा कुवेतमध्ये पहाटेचे पाच झालेले असतात. ड्युटीवर निघण्यापूर्वी पाच मिनिटे मुलाशी बोलता येते. कुवेत, सौदी व कतार येथे शुक्रवार-शनिवारी आठवडी सुट्टी असते. ज्यांना ती मिळते त्यांनी शुक्रवारी दुपारी सावकाश बोलावे. परदेशात असलेल्या बांधवांपर्यंत ही स्मरणिका पोहोचते. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, मुलाची झोप मोडणार नाही अशी वेळ आपणच ठरवा. घरातील बाईमाणूस आपल्याला ‘आता नको’ असे सहसा म्हणणार नाही.

शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरविण्याचा आदेश काढला, तो मुलांच्या झोपेचा विचार करूनच. मक्तबच्या व्यवस्थापकांनीही शाळेच्या शिक्षकांशी एकदा बसून बोलावे. मूल एकच आहे. त्याच्या दिवसाची वाटणी दोघांनी मिळून केली पाहिजे.

सकाळी मूल उपाशी घराबाहेर पडू नये. केवळ चहा-बटर ही न्याहारी नव्हे. तांदळाची भाकरी, अंडे, उकड, शिळ्या भाताला दिलेली फोडणी, जे घरात असेल ते चालेल, पण पोटात काही घन असावे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे, असे राष्ट्रीय धोरण आहे. म्हणजे 22 किलोच्या मुलाच्या पाठीवर 2 किलो 200 ग्रॅम. दप्तर रात्रीच भरून ठेवावे. सकाळची धांदल ही अर्ध्या अपघातांची आई आहे. गणवेश सापडत नाही, वही सापडत नाही, रिक्षा निघून जाईल, या घाईत मूल रस्ता धावत ओलांडते.

आता रस्त्याकडे वळू. आपली कित्येक गावे मुंबई-गोवा महामार्गाला लागून आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलाला येणाऱ्या वाहनाचा वेग व अंतर यांचा मेळ अजून नीट घालता येत नाही; म्हणून त्या वयाच्या मुलाने महामार्ग एकट्याने ओलांडू नये. पाच-सहा घरांनी मिळून पाळी लावावी. आज एकाने सर्व मुलांना पलीकडे पोहोचवावे, उद्या दुसऱ्याने. थांबलेल्या एस.टी.च्या पुढून रस्ता ओलांडू नये, गाडी गेल्यावर ओलांडावा.

मोटारसायकलवर पुढे टाकीवर एक मूल, मागे दोन आणि त्यांच्या मागे आई, हे दृश्य आपण रोज पाहतो. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे आणि मुलाचे डोके बापाच्या डोक्यापेक्षा कमी मोलाचे नाही. बुरख्याचा घोळ किंवा ओढणीचे टोक चाकात अडकून अपघात होतात. बसण्यापूर्वी ते आवरून घ्यावे व मागच्या चाकाला जाळी बसवून घ्यावी. आणि मोठ्या भावाच्या हाती गाडी देऊन धाकट्याला शाळेत धाडणारांनी लक्षात ठेवावे की, 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने गाडी चालविल्यास पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

आपल्या मुलुखात दुसरे भय पाण्याचे. आपल्याकडे जांभा दगडाच्या चिरेखाणी आहेत. पावसात त्या भरतात, कडा सरळ उभ्या असतात आणि तळ दिसत नाही. पोहणारे मूलही त्यातून वर चढू शकत नाही. आपल्या गावच्या बंद पडलेल्या खाणीला कुंपण घालून घेण्यासाठी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. उघड्या विहिरीवर जाळी हवी. पऱ्याला लोंढा आला असता साकवावरून मुलास पाठवू नये. शाळा एक दिवस बुडाली तरी चालेल. जुलै 2005 आणि जुलै 2021 च्या महापुरांनी महाड-चिपळूणच्या लोकांना पाणी किती थोड्या वेळात चढते हे दाखविले आहे. घरात लहान मूल असेल तर भरलेली बादली, हौद, टाकी यांवर झाकण हवे. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी मुलाने पाण्यात उडी मारावयाची नाही. ओरडून मोठ्या माणसास बोलवावयाचे आणि दोर किंवा काठी टाकावयाची, हे मुलांना घोकून घोकून शिकवावे.

साप आणि विंचू हे आपले शेजारीच आहेत. रत्नागिरीकडे फुरसे पुष्कळ. ते लहान असते, म्हणून लोक गाफील राहतात. अंधारात बॅटरीशिवाय व अनवाणी मूल बाहेर पडू नये, लाकडांच्या भाऱ्यात हात घालू नये, बूट झटकल्याशिवाय पायात घालू नयेत. संध्याकाळच्या मक्तबहून येणाऱ्या मुलांनी गटाने, बॅटरी घेऊन यावे. सर्पदंश झाल्यास चिरू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. तो अवयव हलू न देता मुलास थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रतिसर्पविष तेथे मिळते. विंचवाच्या बाबतीत तर आपल्या कोकणाने साऱ्या जगाला शिकविले आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला आणि 1986 मध्ये त्यांचे संशोधन ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या भूमीत हा उपचार सापडला, तेथील मूल झाडफुंक करीत बसल्यामुळे दगावावे, याहून दुःखाची गोष्ट कोणती? दुआ अवश्य करावी, पण ती रुग्णवाहिकेत बसून करावी. 108 क्रमांक फिरविला की रुग्णवाहिका येते.

कुत्रा चावला किंवा त्याने नुसते ओरखडले तरी जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद-मिरची भरू नये. रेबीज एकदा उमटला की त्यावर इलाज नाही. मार खाण्याच्या भीतीने मुले असा चावा लपवून ठेवतात. म्हणून अशा प्रसंगी मुलाला रागावू नये.

घरात स्वयंपाकाची जागा सर्वांत जोखमीची. रमजानमध्ये इफ्तारीच्या आधीच्या अर्ध्या तासात कढईत भजी असतात, सर्वांची लगबग असते आणि भुकेली मुले चुलीभोवती घोटाळतात. त्या वेळी मुलांना दुसऱ्या खोलीत ताटे मांडण्याचे काम द्यावे. भाजल्यास वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, तेल काही लावू नये. रॉकेल किंवा फिनेल सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये आणि मुलाने ते प्यालेच तर उलटी करवू नये, दवाखाना गाठावा. रमजानचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: वयात न आलेल्या मुलावर रोजा फर्ज नाही. रोजाकुशाईचा समारंभ हौसेचा असतो, परंतु मुलाला चक्कर आली तर पाहुण्यांच्या भिडेस्तव रोजा पुढे ओढू नये.

आता एक नाजूक विषय. तो टाळता येत नाही. मुलाला इजा करणारा माणूस नेहमी परका असतो असे नाही. तो नात्यातला, शेजारचा, रिक्षावाला, शिकवणारा, कोणीही असू शकतो आणि मुलगेही यातून सुटत नाहीत. मुलाला साध्या शब्दांत सांगावे: तुझ्या अंगाचे झाकलेले भाग आई स्वच्छतेसाठी किंवा डॉक्टर आईसमोर तपासण्यासाठी पाहतील, त्याखेरीज कोणी हात लावू नये, कोणी लावला आणि ‘कोणाला सांगू नकोस’ असे म्हटले तर तीच गोष्ट आईला आधी सांगावयाची. शाळेत असो वा मक्तबात, एकट्या मुलाला बंद दाराआड कोणी शिकवू नये, हा नियम कोणावर अविश्वास म्हणून नव्हे, तर शिक्षक आणि मूल दोघांच्याही रक्षणासाठी आहे. 2012 च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलास संरक्षण दिले आहे आणि असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना न कळविणे हाही गुन्हा आहे. ‘जमातीत मिटवून टाकू’, ‘खानदानाची बदनामी होईल’ असे म्हणणारांस मी विचारतो, त्या मुलाचे काय? आपल्याकडे न्यायाची शिकवण स्वतःच्या आप्तांविरुद्धही साक्ष द्यावयास सांगते. मुलांसाठी 1098 हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो आणि 112 हे दोन क्रमांक स्वयंपाकघराच्या दाराला खडूने लिहून ठेवा. त्याखाली घरातील एका माणसाचा क्रमांक लिहा व तो मुलाकडून पाठ करून घ्या.

पालकहो, हे सारे ऐकून एखादी माता म्हणेल, ‘घरात मी एकटी, सासू आजारी, धनी परदेशात, एवढे सारे मी कसे पाहू?’ तिचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच हे काम एकटीवर टाकण्याचे नाही. रस्त्याची पाळी मोहल्ल्याने लावावयाची आहे, खाणीचा अर्ज जमातीने द्यावयाचा आहे, मक्तबची वेळ व्यवस्थापकांनी ठरवावयाची आहे, फोनची वेळ वडिलांनी पाळावयाची आहे. आईकडे राहतात ती तीन कामे: वेळेवर झोप, पोटभर न्याहारी आणि संध्याकाळी मुलाशी दहा मिनिटे बोलणे. आज रस्त्यात काय झाले, कोण भेटले, कशाची भीती वाटली, हे त्या दहा मिनिटांत कळते. जे मूल लहान गोष्ट निर्धास्तपणे सांगते, तेच वेळ आल्यावर मोठी गोष्टही सांगते.

आजच घरी गेल्यावर एक कागद घ्या. मुलाच्या उठण्याची, न्याहारीची, मक्तबची, शाळेची, खेळाची, अभ्यासाची, झोपेची वेळ त्यावर लिहा. खेळाची विसरू नका. प्रत्येक वेळेपुढे ‘या वेळी मूल कोणाच्या नजरेखाली आहे?’ असा एक रकाना करा. जेथे तो रकाना रिकामा राहील, तेथे आपल्याला उंट बांधावयाचा आहे असे समजा.

अल्लाह आपल्या सर्वांच्या मुलांना आपल्या छायेत सुखरूप ठेवो आणि त्यांची राखण करण्याची बुद्धी व हिंमत आपल्याला देवो. आमीन.