वाघोलीचा निळा गोळा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझ्या कोल्हापूरच्या घरी कपाटात एक दगड आहे. पांढऱ्या स्टिल्बाइटवर वाटाण्याएवढा गडद निळा गोळा. हे कॅव्हनसाइट, पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तिन्हींवरून नाव पडले. निळाई व्हॅनेडियम-ऑक्सिजनच्या जोडीची. ते प्रथम अमेरिकेत, ओरेगॉन राज्यात सापडले. पण उत्तम नमुन्यासाठी जगभरचे संग्राहक वाघोलीचेच नाव घेतात.

अशा खनिजाचे मोल वजनावर ठरत नाही. रंग, स्फटिकांची अखंड टोके आणि गोळा मूळ दगडावरच बसलेला आहे ना, हे पाहतात. गारगोटीचे काठिण्य ७, याचे अवघे ३ ते ४. हे ठाऊक असूनही मी मातीचा डाग काढायला दातांचा ब्रश घासला. सुयांसारखे स्फटिक मोडले. घरी आलेल्या एका संग्राहकाने भिंगातून पाहिले आणि काही न बोलता दगड खाली ठेवला.

कोल्हापूरचा काळा पाषाणही दख्खनच्या लाव्ह्याचाच. खडी फोडताना पोकळीत स्फटिक दिसले, तर घासू नका. कापसात गुंडाळा, खाणीचे नाव चिठ्ठीवर लिहून ठेवा. चिठ्ठी हरवली, की दगडाचा जन्मदाखलाच हरवतो.