दंडाची पावती आणि फौजेची सनद

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी गोड बोलावे, असा आपला रिवाज आहे. मी निवडलेला विषय तितकासा गोड नाही. तथापि तो आपल्या घरातला आहे, आणि घरातल्या गोष्टी बायकांनी आपसात बोलायच्या नाहीत तर मंडळ काढायचे तरी कशासाठी?

आपल्या भागातल्या कित्येक मुलांना फौजेची ओढ आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे आपण रोज पाहतो. त्यांतल्या काहींना नुसती भरती नको असते, अधिकारी व्हायचे असते. आता अशा एखाद्या मुलावर पूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला होऊन गेला असेल, तर त्याने अधिकारपदासाठी अर्ज करावा की नाही? आणि केलाच, तर ती गोष्ट सांगावी की झाकावी? या दोन प्रश्नांवर मी बोलणार आहे.

प्रथम अधिकारपदाविषयी दोन शब्द सांगते. फौजेत अधिकारी होणे याला ‘कमिशन मिळणे’ म्हणतात. आपल्याकडे कमिशन म्हटले की मार्केट यार्डातला दलाल डोळ्यांपुढे उभा राहतो! हे कमिशन निराळे. ती राष्ट्रपतींच्या नावाने मिळणारी सनद असते. बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी आपल्याच जिल्ह्यात खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे; 1955 सालापासून ती तेथे चालू आहे. पदवीधरांसाठी डेहराडून आणि चेन्नई येथील संस्था आहेत. आणि भगिनींनो, ही वाट आता केवळ मुलांची राहिलेली नाही. 30 मे 2025 रोजी खडकवासल्याहून 17 मुलींची पहिली तुकडी शिक्षण पुरे करून बाहेर पडली. म्हणजे मी आज जे सांगणार आहे ते मुलींच्या आयांनीही ऐकण्यासारखे आहे.

लेखी परीक्षा झाली की निवड मंडळापुढे पाच दिवसांची कसोटी असते. पुढे वैद्यकीय तपासणी होते, गुणवत्ता यादी लागते आणि पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी होते. या शेवटच्या पायरीवर जुनी गोष्ट समोर येते.

आता कायदा पाहू. 1988 सालच्या मोटार वाहन कायद्याचे 185 वे कलम असे आहे की, चालकाच्या शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळले तर तो गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. हा दंड पूर्वी दोन हजारांपर्यंत होता. 2019 सालच्या दुरुस्तीने तो दहा हजारांवर गेला. दुसऱ्यांदा तोच गुन्हा झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि पंधरा हजारांचा दंड होऊ शकतो. लायसन्सही काही काळापुरते जाऊ शकते.

येथे आपल्या घरांत एक मोठा गैरसमज असतो. हेल्मेट नसले की पावती फाडतात, पैसे दिले की प्रकरण संपते. पुष्कळांना वाटते, हेही तसेच. पण दारूचे प्रकरण रस्त्यावर पावती फाडून संपत नाही, ते न्यायालयात जाते. तेथे मुलगा उभा राहतो, ‘गुन्हा कबूल’ म्हणतो, दंड भरतो आणि घरी येतो. घरचे म्हणतात, “सुटला बाबा एकदाचा!” परंतु तो सुटलेला नसतो. गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे न्यायालयाने त्याला दोषी ठरवणे. ती नोंद राहते.

आणि चारित्र्य पडताळणीचा जो फॉर्म भरायचा असतो, त्यात नेमके हेच विचारलेले असते. तुम्हाला कधी अटक झाली होती काय, तुमच्यावर खटला झाला होता काय, न्यायालयाने तुम्हाला कधी दंड केला होता काय, दोषी ठरवले होते काय? ‘दंड’ हा शब्द त्यात आहे, हे ध्यानात ठेवा. फॉर्मच्या माथ्यावर बजावलेलेही असते की, खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल.

माझ्या नणंदेच्या घरी हा प्रसंग आला, तो थोडक्यात सांगते. तिचा मुलगा वीस वर्षांचा असताना मित्राच्या हळदीहून रात्री मोटारसायकलवर परतत होता. सोलापूर रस्त्यावर पोलिसांनी थांबवले, नळीत फुंकायला लावले, पुढे खटला होऊन दंड झाला. त्या रात्रीपासून पोराने दारूला हात लावला नाही. पदवी घेतली, दोनदा निवड मंडळाकडून परत आला आणि तिसऱ्यांदा निवडला गेला. घरात पेढे वाटले गेले, आणि दहा-बारा दिवसांनी तो फॉर्म आला.

घरात दोन तट पडले. चुलत्यांचे म्हणणे, “नाही लिहून मोकळा हो. एवढ्या जुन्या गोष्टी कोण बघतंय?” वन्सं रडकुंडीला येऊन मला म्हणाल्या, “वहिनी, दंड भरलाय ना आपण? मग आता परत लिहायचं कशाला? पोराच्या तोंडचा घास जाईल हो!” आईचे काळीज ते, त्यांना दोष कोण देईल? मुलगा मात्र गप्प होता. संध्याकाळी मला म्हणाला, “मामी, लिहिलं नाही तर रोज टपाल आलं की पोटात गोळा येईल. तसली नोकरी मला नको.” त्याने ‘होय’ लिहिले. खटल्याची तारीख, न्यायालयाचे नाव, कलम, दंडाची रक्कम, सारे लिहिले, आणि निकालाची नक्कल जोडली. आज मी बोलते आहे तोवर त्याला उत्तर आलेले नाही. ते होकाराचे येईल की नकाराचे, हे मी सांगू शकत नाही. तरीही त्याने केले ते योग्यच केले असे मी म्हणते, आणि त्याची कारणे देते.

पहिले कारण न्यायालयाचेच आहे. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबलच्या जागेसाठी एका तरुणाने 1999 साली अर्ज केला. विशीत असताना त्याच्यावर मारामारीचा एक खटला होऊन तो तडजोडीने मिटलेला होता. अर्जात त्याने ते सांगितले नाही, पुढे दुसऱ्या फॉर्मात सांगितले. आधी दडवले म्हणून त्याची उमेदवारी रद्द झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2011 साली निकाल त्याच्या बाजूने लागला. तरुण वयातल्या चुकीचा डाग माणसाला जन्मभर लावू नये, असे न्यायमूर्तींनी मानले. भुकेल्या घरच्यांसाठी पाव चोरणाऱ्या आणि पुढे जन्मभर चोर म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाची गोष्ट व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीत आहे. तिचाही दाखला त्यांनी दिला. निकाल दयेचा खरा, पण तोवर बारा वर्षे गेली होती! बारा वर्षांत आपल्याकडे मूल शाळेत जाऊन सातवीत पोचते. एका ‘नाही’ची ही किंमत.

पुढे 2016 साली अवतार सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सरकारी नोकऱ्यांसाठी नियमच घालून दिले. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. तरुणपणीच्या किरकोळ प्रकाराकडे सरकारला काणाडोळा करता येईल. परंतु खरे सांगितले म्हणून नोकरी दिलीच पाहिजे असेही नाही. मागचे वर्तन पाहून ठरवण्याचा अधिकार सरकारचा. म्हणजे खरे सांगणाऱ्यासाठी दार उघडेल की नाही हे सांगता येत नाही. पण खोटे लिहिणारा त्या दाराला आपल्या हाताने कुलूप लावतो. आज लावले नाही तरी पाच वर्षांनी, अंगावर गणवेश असताना ते लागू शकते. तेव्हाची नामुष्की आजच्या नकारापेक्षा किती मोठी, याचा विचार करा.

येथे कुणी म्हणेल, “अहो, फौजेतच तर कॅन्टीनमधून बाटली मिळते! मग तिथे एवढे सोवळे कशाला?” प्रश्न रास्त आहे. बाटली मिळते हे खरे. पण 1950 सालच्या सैन्य कायद्याचे 48 वे कलम असे आहे की, सैनिक नशेत सापडला, मग तो कामावर असो वा नसो, तो गुन्हा आहे. आणि अधिकारी असेल तर सैनिकी न्यायालय त्याला पदावरून बडतर्फ करू शकते. ज्याच्या शब्दावर जवान पुढे जातात त्याचे डोके ताळ्यावर हवे आणि त्याचा शब्द खरा हवा. फौज मुलाची पारख करते ती या दोन गोष्टींची. एकीत तो एकदा चुकला. दुसरीत तरी त्याने चुकू नये.

दारू पिऊन गाडी चालवणे हा किरकोळ प्रकार आहे असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, हे आपण सर्वांनी वाचले. चालवणारा अल्पवयीन होता आणि दारू प्यालेला होता असे पोलिसांचे म्हणणे. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून त्याचे आईवडील आणि डॉक्टरही पकडले गेले. आरोप खरे-खोटे न्यायालय ठरवील. परंतु मुलाची चूक झाकायला गेले की सारे घर कसे त्यात ओढले जाते, एवढे आपल्याला कळण्यासारखे आहे. आपल्या मुलाच्या वाटेत त्या रात्री कुणी आले नाही, हे त्याचे नशीब. त्या नशिबाचे ऋण त्याने आपल्या वागणुकीने फेडावे.

आता आपण काय करावे ते सांगते. घरात असे प्रकरण झाले तर ‘मिटवून टाका’ म्हणून ओळखीपाळखी शोधू नका. न्यायालयाच्या निकालाची नक्कल आणि दंडाची पावती जपून ठेवा. लग्नाच्या याद्या आपण जपतो तशी. फॉर्म भरताना प्रश्न मुलासोबत बसून वाचा, आणि शंका आली तर वकिलाला विचारा. मुलाने दारू सोडली असेल तर चारचौघांत त्याला टोचू नका, सोडली नसेल तर फौजेचे नाव काढू देऊ नका. आणि अठराच्या आतल्या मुलाच्या हातात मोटारसायकलची किल्ली देऊ नका. 2019 पासून अशा मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो.

शेवटी मुलांना आपण एवढेच सांगू या: अर्ज जरूर कर, धावायला जरूर जा, अभ्यास कर. एकदा दंड झाला म्हणून घरी बसू नकोस. पण कागदावर खरे लिही, आणि उत्तर येईल ते ताठ मानेने घे. सनद मिळाली तर गावाला आनंद आहेच. नाही मिळाली तरी खरे बोलणारा माणूस गावात राहिला, हेही काही थोडे नाही.