साहाय्यक यंत्रमानव आणि अनिश्चिततेचे गणित



पक्षाघाताने किंवा पाठीच्या कण्यास झालेल्या इजेमुळे ज्यांचे हात निकामी झाले आहेत, त्यांना पाण्याचा पेला ओठांशी नेण्यासाठीही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. अशा व्यक्तींसाठी चाकांच्या खुर्चीला जोडता येईल असा यांत्रिक हात तयार झाला आहे. कॅनडातील किनोव्हा कंपनीचा ‘जाको’ हा त्यांपैकीच एक.

परंतु हात मिळाला तरी तो चालवावा कसा, हा प्रश्न उरतोच. त्याला सहा सांधे, शिवाय बोटांची उघडझाप. आणि चालविणाऱ्याजवळ मात्र जॉयस्टिक नावाचा एक लहानसा दांडा. हात सरकविणे, मनगट वळविणे, बोटे मिटणे यांसाठी त्या दांड्याचे काम पुनःपुन्हा बदलावे लागते. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, धडधाकट माणसांचाही सुमारे १७.४ टक्के वेळ केवळ या बदलाबदलीत खर्ची पडतो.

मग यंत्रानेच थोडा भार उचलावा, हे ओघाने आले. अडचण एवढीच की, समोरच्या मेजावरील पेला, वाटी आणि फळ यांपैकी माणसाला काय हवे आहे, हे यंत्राला ठाऊक नसते. या न कळण्याचेच मोजमाप करणाऱ्या संशोधकांमध्ये डॉ. सिद्धार्थ श्रीनिवास यांचे नाव घेतले जाते. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर असलेल्या श्रीनिवास यांनी प्रथम कार्नेगी मेलन येथे आणि २०१७ पासून वॉशिंग्टन विद्यापीठात हे कार्य केले.

आधी अंदाज बांधावा आणि खात्री पटल्यावरच मदतीस यावे, अशी पूर्वीची रीत होती. तोपर्यंत यंत्र हातावर हात ठेवून बसे. शर्विन जावदानी, श्रीनिवास आणि अँड्र्यू बॅग्नेल यांनी २०१५ साली निराळी पद्धत मांडली. तीत दांड्याच्या हालचालींवरून प्रत्येक वस्तूची संभाव्यता सतत नव्याने काढली जाते. समजा, पेल्याची संभाव्यता ०.५, वाटीची ०.४ आणि फळाची ०.१ आली. निर्णय झालेला नाही. तरीही पेला आणि वाटी दोन्ही उजवीकडे असतील, तर हात उजवीकडे नेण्यास प्रत्यवाय नाही. वाटा फुटतील तेथे माणसाच्या इशाऱ्यावर भिस्त ठेवावयाची. खात्री नसतानाही उपयोगी पडता येते, हे या पद्धतीचे मर्म होय.

चाचणीत कामे लवकर उरकली आणि दांडाही कमी हलवावा लागला. मात्र वापरणाऱ्यांची मते एकसारखी पडली नाहीत. काम त्वरेने होणे आणि हातावरचा ताबा आपल्याकडे राहणे, यांची सांगड सर्वांना सारखी रुचली नाही.

हा निष्कर्ष संशोधकांनी झाकून ठेवला नाही, हे विशेष. माणसाला कोणती वस्तू हवी, याची संभाव्यता गणिताने काढता येते. मदत किती हवी, हे मात्र त्यालाच विचारावे लागते. साहाय्य आणि स्वातंत्र्य यांची ही सीमारेषा जो यांत्रिक हात ओळखील, तोच खऱ्या अर्थाने त्या माणसाचा हात ठरेल.