मुलीला वकिलीला घालायचे तर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मंडळातल्या एका बाईने आपल्या माहितीच्या विषयावर बोलावे, असा आपला रिवाज आहे. आजवर इथे लोणच्यांवर, बचतीवर, गुडघेदुखीवर फार चांगली भाषणे झाली. या खेपेला चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमची थोरली वकिलीला गेली, त्याबद्दल बोला." मी सातवी शिकलेली. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढची शाळा ओढ्यापलीकडे, म्हणून तिथेच थांबले. तेव्हा मला कायदा समजतो अशी कोणी समजूत करून घेऊ नये. पण लेकीच्या फॉर्मांमागे, दाखल्यांमागे आणि परीक्षांमागे मी दोन वर्षे फिरले आहे. त्यात जे हाताला लागले तेवढेच सांगते.

आपण नाशिककर, म्हणून आधी आपल्या गावची गोष्ट. कॉर्नेलिया सोराबजी या बाई इथे नाशिकला १८६६ साली जन्मल्या. ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. परीक्षा झाली, पण पदवी नाही, कारण ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला १९२० साल उजाडले. परत येऊन त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एल्एल.बी.ची परीक्षा दिली, १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची दिली. तरी कोर्टात उभे राहण्याची परवानगी नाही! बायकांना वकिली करू देणारा कायदा झाला तो १९२३ मध्ये. त्याच वर्षी मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई हायकोर्टात आल्या. नापास होऊन पुन्हापुन्हा परीक्षा देणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, उत्तीर्ण होऊनही पुन्हापुन्हा देणाऱ्या या एकच ऐकल्या.

आता दार उघडे आहे, पण दारात परीक्षा आहे. वकिलीला जायचे दोन रस्ते. बारावीनंतर पाच वर्षांचा, किंवा आधी बी.ए., बी.कॉम. असे काही करून मग तीन वर्षांचा. पाच वर्षांच्याला बारावीत आणि तीन वर्षांच्याला पदवीला निदान ४५ टक्के गुण लागतात. ओ.बी.सी.ना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. आपल्या राज्यात २०१६ पासून दोन्हींसाठी सीईटी द्यावी लागते. ती राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. दुसरी परीक्षा क्लॅट म्हणून आहे. ती देशभरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी. आपल्या राज्यात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत. क्लॅट इंग्रजीतूनच असते. सीईटी मराठीतूनही देता येते, ही गोष्ट आमच्या क्लासवाल्यांनी पहिले सहा महिने आम्हाला सांगितलीच नव्हती.

या क्लासबद्दल बोलू नये असे ठरवले होते, पण बोलते. नाव घेत नाही. साठ हजार रुपये एकरकमी घेतले. मंगळसूत्राखेरीज अंगावरचे जे होते ते तारण ठेवले. तिथे सगळी तयारी क्लॅटची. क्लॅटमध्ये चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून खात्री नसेल तो प्रश्न सोडून द्यायचा, असे मुलींच्या मनावर ठसवलेले. सीईटीत चुकल्याचे गुण कापत नाहीत. तिथे सोडलेला प्रश्न म्हणजे हातचा घालवलेला प्रश्न. थोरलीने डिसेंबर २०२२ मध्ये क्लॅट दिली, तीत नंबर लागला नाही. मग २०२३ ची सीईटी दिली आणि तिथेही सवयीने पंचवीसेक प्रश्न कोरे ठेवून आली. घरी येऊन ते तिने हौसेने सांगितले, "खात्रीचे तेवढेच सोडवले." तेव्हा आम्हा दोघींनाही ते शहाणपणाचेच वाटले. निकाल लागला, ६१ आले.

आता हे ६१ काय, तेही सांगते, कारण यात फार जणींची फसगत होते. आमच्या वन्सं म्हणाल्या, "फर्स्ट क्लास आहे की!" पण हे टक्के नव्हेत, पर्सेंटाइल आहे. मंडळाच्या धावण्याच्या शर्यतीत शंभर जणी धावल्या आणि ६१ जणी तुमच्या मागे राहिल्या, तर साधारण तसे. म्हणजे पुढे ३८ जणी आहेत! आणि इथे धावणाऱ्या शंभर नव्हेत, हजारो. आम्हाला हव्या त्या कॉलेजात त्या गुणांवर नाव लागले नाही. खाजगी कॉलेजातून व्यवस्थापनाच्या कोट्याचे बोलावणे आले, पण तो आकडा ऐकून हे नुसतेच उठले आणि नळ बंद करून आले. नळ बंदच होता.

त्या रात्रीपासून घरात दोन पक्ष झाले. सिन्नरकडचे एक स्थळ आले होते, मुलगा कंपनीत कायम. सासूबाईंचे म्हणणे, वर्षभर घरी बसलेली मुलगी लोकांच्या डोळ्यांवर येते. वन्सं म्हणाल्या, शिकायचे असेल तर सासरी शिकेल. हे काही बोलेनात. अंबडच्या कारखान्यात पाळी करून आलेला माणूस, त्याला रोज रात्री हा विषय कशाला, म्हणून मीही गप्प होते. पण गप्प बसून मुलीचे वर्ष ठरत नाही. एका रविवारी मी यांना हिशेब मांडून दाखवला. सीईटी कितीही वेळा देता येते, पहिल्या वेळचे कमी गुण दुसऱ्या वेळी आड येत नाहीत. क्लास पुन्हा लावायचा नाही. फॉर्मची फी आणि पुस्तके, एवढाच खर्च. आणि वर्ष घरी नव्हे, तर ती बी.ए.ला नाव घालील, म्हणजे सीईटी नाहीच जमली तरी पदवीचे एक वर्ष झालेले असेल आणि तीन वर्षांचा रस्ता मोकळा राहील. हे म्हणाले, "स्थळ?" मी म्हटले, "मुलगा कायम आहे ना, मग थांबेल." तो काही थांबला नाही. त्याचे लग्न झाले, मुलगी चांगली आहे म्हणतात.

दुसऱ्या वर्षीचा अभ्यास आमच्या स्वयंपाकघरात झाला. दुपारी मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची आणि भाकऱ्या तिने थापायच्या. कोण कुठे निवडून आले, कोणता निकाल लागला, कोणाला पुरस्कार मिळाला, हे सामान्यज्ञानात येते. मग तर्काचे प्रश्न. हे प्रश्न मला फार आवडले. आधी एक नियम देतात, मग एक घटना सांगतात आणि विचारतात, आता काय ठरेल? तिने मला विचारलेला एक सांगते. नियम असा, की दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीवाचून लबाडीच्या हेतूने हलवली तर ती चोरी. घटना अशी, की हळदीकुंकवाहून निघताना एक बाई शेजारणीची छत्री आपली समजून घेऊन गेली. ही चोरी झाली का? मी म्हटले, "झाली की. विचारून न्यायची." ती म्हणाली, "आई, 'लबाडीच्या हेतूने' हे शब्द वाचलेस का?" मग मला उमगले. आपली माया, आपला राग, आपल्या घरची पद्धत बाजूला ठेवायची आणि दिलेल्या नियमातला शब्द न् शब्द तपासून उत्तर द्यायचे. आपल्याला सवय उलटी असते, माणूस पाहून आपण निकाल देतो. एकदा ही खोच समजल्यावर तिचे ते प्रश्न सहसा चुकेनात. माझे अजून चुकतात.

जुनी पुस्तके घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. कलमांचे आकडे बदलले. रद्दीच्या दुकानातले गाइड स्वस्त पडते, पण त्यातले चोरीचे कलम ३७८ आता ३०३ झाले आहे.

ही परीक्षा संगणकावर असते. आमच्याकडे संगणक नाही. कोपऱ्यावरच्या नेटवाल्या दादांकडे तासाच्या हिशेबाने ती दर शनिवारी दोन तास घड्याळ लावून सराव परीक्षा सोडवायची. मी बाहेर बाकावर शेंगा निवडत बसायची. एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, एवढी एकच ताकीद. २०२४ साली लोकसभेच्या निवडणुकीमुळे परीक्षांच्या तारखा बदलल्या, तेव्हा पुष्कळ मुली गोंधळल्या. आमच्या दाराच्या मागे दिनदर्शिका टांगलेली होती, तीवर मी दर सोमवारी नेटवाल्याला विचारून खुणा करीत असे. या वेळी ८४ आले.

भगिनींनो, इथे पेढे वाटून थांबणाऱ्या फार. सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. निकालानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, नोंदणी वेगळी करावी लागते, तिची फी वेगळी. मग कागद चढवायचे, ते तपासले जातात, मग गुणवत्ता यादी, मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा, मग फेऱ्या. आमच्या मागच्या गल्लीतली एक मुलगी ८८ मिळवून घरी बसली होती, कॅपची नोंदणी संपल्यावर तिच्या वडिलांना कळले.

कागद वर्षभर आधी जमवावेत. दहावी-बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, राखीव गटात असाल तर जातीचा दाखला आणि जातवैधता. नॉन-क्रीमीलेअरवर तो कोणत्या ३१ मार्चपर्यंत चालतो ते लिहिलेले असते, ती तारीख चष्मा लावून वाचावी. जातवैधतेला वेळ लागतो, ती बारावीत असतानाच मागावी. एका कचेरीत मला चार हेलपाटे पडले. प्रत्येक खेपेला निराळा कागद कमी. चौथ्या खेपेला मी म्हटले, "साहेब, काय काय लागते ते एका चिठ्ठीवर लिहून द्या आणि खाली सही करा." सही काही दिली नाही, पण दाखला दिला.

आणखी एक अडचण. बी.ए.ला नाव घातले होते त्या कॉलेजात मूळ दाखला अडकला. ते म्हणाले, तिन्ही वर्षांची फी भरा, मग देऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये सूचना काढली आहे, की विद्यार्थ्यांचे मूळ कागद अडवून ठेवू नयेत. त्या सूचनेची छापील प्रत थोरलीने अर्जाला जोडली आणि अर्जाची पोच मागितली. तीन दिवसांत दाखला हातात आला. तिची पहिली वकिली म्हणायची ती हीच.

फीची काळजी यांना फार होती. जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला, की ज्यांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा घरच्या ओ.बी.सी., एस.ई.बी.सी. आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. आदल्या वर्षी कर्ज काढून व्यवस्थापनाच्या कोट्यातून घातली असती, तर ही सवलत आम्हाला लागू झाली नसती. हे कळले त्या दिवशी सासूबाईंनी स्वतः शिरा केला. बोलल्या काही नाहीत.

आता प्रश्न येतो, तिसऱ्यांदा बसवावे का? मला दोघीतिघींनी घरी येऊन विचारले आहे. नियमाने बसता येते. पण माझे स्पष्ट मत असे, की नुसते परीक्षेसाठी म्हणून मुलीला तिसरे वर्ष घरात ठेवू नये. घरात बसलेल्या मुलीचा अभ्यास कमी आणि तिच्यावरची चर्चा जास्त होते. पदवी सुरू ठेवावी आणि तीन वर्षांच्या कोर्सची सीईटी द्यावी, तीत गणितही नसते. तिकडून आलेली वकील काही अर्धी वकील होत नाही. सनद एकच, आणि अखिल भारतीय बार परीक्षाही दोघींना सारखीच. आमची थोरली पाच वर्षांच्या रस्त्याने गेली म्हणून तोच चांगला, असे मी म्हणणार नाही.

भाषणाची तयारी करताना आपल्यातल्याच एका वहिनींनी मला जिन्यात गाठून हळूच विचारले, "हे सगळे मुलींसाठीच का? माझी बी.ए. होऊन सोळा वर्षे झाली." मी थोरलीला विचारले. तिने सांगितले ते असे: वयाची अट आडवी येत नाही. बार कौन्सिलने २०१६ मध्ये पाच वर्षांच्या कोर्सला वीस आणि तीन वर्षांच्याला तीस अशी अट लावली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली. वहिनींनी ट्रंकेतून गुणपत्रक शोधून काढले आहे. ४७ टक्के आहेत. जातवैधतेचा अर्ज आम्ही दोघी सोमवारी द्यायला जाणार आहोत, आणखी कोणाला यायचे असेल तर साडेदहाला खाली फाटकापाशी या. येताना मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स आणा.