कपाशी आणि सागवनांमधील सायकलवाटा

सायकलने शांत रस्त्यांवरून फिरू इच्छिणाऱ्यांना नाशिक-दिंडोरीच्या द्राक्षबागा सहज आठवतात. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात मात्र द्राक्षांची जागा कपाशीने घेतलेली असून, वर्धा नदीच्या बाजूची शेते आणि सागाचे पानझडी जंगल, म्हणजे कोरड्या ऋतूत पाने गाळणारे वन, यांमधून जाणारे गावरस्ते त्याच योग्यतेचे आहेत. वडकीवरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गावर अवजड वाहतूक असल्याने तो शक्यतो टाळणेच इष्ट.

या भागातील काळी जमीन, जी बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे, पावसात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. परिणामी तिच्यावरील डांबरी रस्त्यांना उंचवटे आणि लांब चिरा पडतात, आणि म्हणूनच येथे अरुंद टायरपेक्षा रुंद टायर, तोही किंचित कमी हवेचा, अधिक उपयुक्त ठरतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल होय. याच काळात वेचलेला कापूस जिनिंगकडे, म्हणजे सरकी व रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याकडे, नेणारी वाहने रस्त्यावर असतात. त्यांना वाट देणे हे सायकलस्वाराचे कर्तव्यच आहे. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होत असल्याने जंगलातही सावली मिळत नाही.

हा वाघांचाही प्रदेश आहे. 'अवनी' या नावाने ओळखली गेलेली टी-1 वाघीण नोव्हेंबर 2018 मध्ये याच तालुक्यातील बोराटी परिसरात मारली गेली, आणि तिच्या संचाराच्या काळात गावकऱ्यांना सोसावे लागलेले भय विसरता येणार नाही. म्हणून जंगलालगतच्या रस्त्यांवर पहाटे व सायंकाळनंतर सायकल चालवू नये, एकट्याने जाऊ नये आणि निघण्यापूर्वी स्थानिक वनकर्मचाऱ्यांकडे चौकशी करावी.