उघडी रीत आणि दोषशोधन



गणिताच्या परीक्षेंत एखाद्या मुलाचें उत्तर चुकलें, परंतु रीत नीट मांडलेली असली, तर परीक्षक त्याला कांहीं गुण देतो; आणि उत्तर अचूक असूनहि रीत दिलेली नसली, तर त्या उत्तराकडे तो संशयानें पाहतो. रीत समोर असली म्हणजे चूक कोणत्या पायरीवर झाली हें दाखवितां येतें. नुसतें उत्तर समोर असलें तर त्यावर विश्वास तरी ठेवावा लागतो, किंवा तें टाकून तरी द्यावें लागतें. आजचा विषय संगणकाचा असला तरी त्याचें मर्म ह्या शाळकरी नियमांत आहे. लिनक्स नांवाची जी ऑपरेटिंग सिस्टिम आज जगभर चालते, तिची सारी रीत चव्हाट्यावर मांडलेली आहे. ती कशी घडली, तींत बिघाड झाला म्हणजे तो कसा शोधतात, आणि रीत उघडी ठेविली एवढ्यानें सर्व कांहीं साधतें काय, हें आज पाहावयाचें आहे.

संगणकावर एकाच वेळीं पांचपन्नास प्रोग्राम चालत असतात. प्रत्येकाला स्मृतींत जागा हवी असते, प्रोसेसरचा वेळ हवा असतो, फाइली वाचावयाच्या असतात. कोणास काय, किती वेळ व कोणत्या मर्यादेंत द्यावयाचें हें ठरविणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. आणि तिच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. आपल्यापैकीं ज्यांच्या हातीं अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्या फोनमध्यें लिनक्सचाच कर्नल काम करीत असतो. जगांतील सर्वांत वेगवान पांचशें संगणकांची जी यादी वर्षांतून दोनदां प्रसिद्ध होते, तिच्यांतील सर्वच्या सर्व संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहेत. तेव्हां हा विषय कांहीं थोड्या तज्ज्ञांपुरता राहिलेला नाहीं.

ह्या वंशाचा मूळ पुरुष युनिक्स. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं त्याचा पाया घातला, आणि १९७३ सालीं तो सी ह्या भाषेंत पुन्हां लिहिला गेला. त्यामुळें एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर तो नेणें सुलभ झालें. विद्यापीठांतून त्याचा प्रसार झाला. परंतु पुढें परवान्यांच्या अटी कडक होत गेल्या आणि रीत कुलपांत गेली.

ह्या कुलपाविरुद्ध जो पुरुष उभा राहिला त्याचें नांव रिचर्ड स्टॉलमन. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एका प्रयोगशाळेंत ते काम करीत. तेथील जुन्या प्रिंटरमध्यें कागद अडकला म्हणजे वापरणारांना तशी सूचना मिळावी, अशी सोय त्यांनीं त्याच्या सॉफ्टवेअरमध्यें करून ठेविली होती. पुढें नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याच्या प्रोग्रामची मूळ संहिता मिळेना. ती ज्याच्यापाशीं होती त्यानें गुप्ततेचें वचन लिहून दिलेलें होतें. कागद अडकत राहिला; दुरुस्ती करूं शकणारा मनुष्य प्रिंटरजवळ उभा होता; आणि दोघांच्या मध्यें एक करारपत्र होतें. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं स्टॉलमन यांनीं युनिक्ससारखी, परंतु सर्वांस मोकळी अशी ग्नू नांवाची सिस्टिम लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. पुढें त्यांनीं जो परवाना तयार केला त्याचा आशय असा कीं, ही संहिता कोणीहि वाचावी, बदलावी, वाटावी. मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास देतांना त्यालाहि तोच अधिकार द्यावा.

ग्नूचे पुष्कळ भाग सिद्ध झाले, पण कर्नल रखडला. ती उणीव फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें भरून काढली. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं २५ ऑगस्ट १९९१ रोजीं आपल्या कामाची जी पहिली वार्ता दिली, तींत हा केवळ आपला छंद आहे असेंच त्यांनीं म्हटलें होतें. पहिली आवृत्ति सुमारें दहा हजार ओळींची होती. आज ती संहिता तीन कोटी ओळींच्या पलीकडे गेली आहे. १९९२ सालीं त्यांनीं स्टॉलमन यांचा परवाना स्वीकारला आणि दोन प्रवाह एकत्र आले.

इतक्या मोठ्या संहितेंत हजारों माणसें हात घालतात, तरी गोंधळ कसा होत नाहीं? ज्याला बदल सुचवावयाचा आहे त्यानें तो लहान तुकड्यांत मांडावा लागतो, आणि प्रत्येक तुकड्याबरोबर हा बदल कां करावा लागला हें सरळ भाषेंत लिहावें लागतें. त्या त्या विभागाचा सांभाळकर्ता तो तपासतो, शंका विचारतो, बहुधा एकदां-दोनदां परत पाठवितो. मान्य झालेला बदल वरच्या सांभाळकर्त्याकडे जातो आणि शेवटीं टॉरवाल्ड्स यांच्याकडे पोंचतो. नवी आवृत्ति साधारण नऊ ते दहा आठवड्यांनीं निघते. त्यांपैकीं पहिले दोन आठवडे नवे बदल घेण्याचे, आणि उरलेले केवळ दोष काढण्याचे. म्हणजे बांधण्याला जितका वेळ, त्याच्या कितीतरी पट वेळ तपासण्याला. प्रत्येक बदल कोणी, केव्हां व कां केला याची अखंड नोंद गिट नांवाच्या साधनांत राहते. हें साधनहि टॉरवाल्ड्स यांनींच २००५ सालीं ह्याच कामासाठीं लिहिलें.

आतां बिघाडाकडे वळूं. आजाऱ्यानें वैद्याकडे जाऊन नुसतें ‘बरें वाटत नाहीं’ म्हणावें, तसें ‘संगणक चालत नाहीं’ हें वाक्य आहे. त्यावरून उपाय सुचत नाहीं. कोणती आवृत्ति, कोणतें यंत्र, काय करूं गेलें असतां काय झालें, पडद्यावर नेमके कोणते शब्द उमटले, आणि तेंच पुन्हां केलें असतां तसेंच पुन्हां घडतें काय, इतकें सांगितलें म्हणजे अर्धें निदान झालें. कर्नल आपली एक नोंदवही ठेवीत असतो. आपल्या हातून कांहीं अघटित घडल्याचें त्याला कळलें, तर तो तींत ऊप्स म्हणून ओळखला जाणारा मजकूर लिहितो. कोणतें काम चाललें होतें, तें कोणी कोणाकडे सोंपविलें, आणि कोठें गाडें अडलें, याची ती साखळी असते. ह्या नोंदी एकामागून एक आल्या तर अनुभवी मनुष्य पहिली धरतो; कारण पुढच्या बहुधा पहिलीचेच परिणाम असतात. नवशिका नेमकी शेवटची धरून बसतो, कारण डोळ्यांसमोर तीच असते.

दोष शोधण्याची एक रीत तर इतकी साधी आहे कीं ती शाळेंतल्या मुलालाहि समजावी. समजा, मागील आवृत्ति नीट चालत होती, नवी चालत नाहीं, आणि मध्यें एक हजार बदल झाले आहेत. हजारहि तपासण्याचें कारण नाहीं. पांचशें बदल झाल्यानंतरची स्थिति घ्यावी आणि ती यंत्रावर चालवून पाहावी. ती नीट चालली तर दोष पुढच्या पांचशेंत, न चालली तर मागच्या पांचशेंत. पुन्हां त्याचे दोन भाग करावे. पांचशेंचे अडीचशें, अडीचशेंचे सव्वाशें, असें करीत दहा चांचण्यांत एकच बदल हातीं राहतो; कारण दोनाचा दहावा घात १०२४ आहे. बदल सोळा हजार असले तरी चौदा चांचण्या पुरतात. गिटमध्यें ह्यासाठीं बायसेक्ट ही आज्ञाच आहे. ह्या युक्तीला कर्नलच्या अंतरंगाचें ज्ञान लागत नाहीं. धीर मात्र लागतो, कारण दर चांचणीला कर्नल नव्यानें तयार करून यंत्र पुन्हां सुरू करावें लागतें. दोष कधीं प्रकट होणारा, कधीं लपणारा असेल, तर सावध राहावें लागतें. एकदां तो योगायोगानें दिसला नाहीं म्हणून ‘नीट’ असा शेरा मारला, कीं पुढचा सारा शोध भलत्या दिशेला जातो.

येथवर ऐकून आपणांस वाटेल कीं रीत उघडी असली म्हणजे दोष फार दिवस लपूं शकत नसावा. पाहणारे डोळे पुष्कळ असले म्हणजे पुरे, अशी ह्या क्षेत्रांतहि एक समजूत आहे. ती पारखून घेण्यासारख्या दोन हकीकती सांगतों.

पहिली २०१६ सालची. कर्नल स्मृतीची काटकसर करतो. अनेक प्रोग्रामांना एकच फाइल वाचावयाची असली, तर तो सर्वांना एकच प्रत दाखवितो. एखाद्यानें तींत खासगी फेरफार करावयास हात घातला कीं त्याला निराळी नक्कल काढून देतो, म्हणजे मूळ प्रत अबाधित राहते. परंतु नक्कल काढणें आणि तींत लिहिणें ह्या दोन पायऱ्यांच्या मधल्या सूक्ष्म क्षणांत ती नक्कल टाकून देण्याची आज्ञा आली, तर लेखणी मूळ प्रतीवरच उतरे. ज्याला केवळ वाचण्याचा अधिकार, तो ह्या फटींतून मूळ कागदावर लिहूं शके आणि पुढें साऱ्या यंत्राचा धनी होऊन बसे. डर्टी काऊ ह्या नांवानें प्रसिद्ध झालेला हा दोष निदान २००७ सालापासूनच्या आवृत्त्यांत होता. संहिता सर्वांस उघडी असतां नऊ वर्षें तो तसाच राहिला. फिल ओस्टर ह्या गृहस्थांनीं आपल्या सर्व्हरवर येणाऱ्या-जाणाऱ्या मजकुराची नोंद ठेविली होती; एका घुसखोरानें वापरलेलें हत्यार त्या नोंदींत सांपडलें, आणि दोष उजेडांत आला. दुरुस्तीबरोबरच्या टिपणांत टॉरवाल्ड्स यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, हा दोष काढण्याचा प्रयत्न अकरा वर्षांपूर्वीं आपणच केला होता, पण तो नीट साधला नाहीं, आणि एका विशिष्ट जातीच्या यंत्रांवर अडचण आल्यामुळें तो रद्द झाला. कर्त्यानें आपली चूक अशी जगासमोर नोंदवावी, हें मला दुरुस्तीइतकेंच मोलाचें वाटतें; कारण पुढच्या पिढीला ती फट पुन्हां कशी उघडूं नये हें त्या टिपणावरूनच कळणार आहे.

दुसरी हकीकत २०२४ सालची, आणि ती अधिक विचार करावयास लावणारी आहे. कर्नलभोंवतीं हजारों लहान प्रोग्राम असतात. फाइली दाबून लहान करणारा एक्सझेड हा त्यांतलाच एक. तो सांभाळणारा मनुष्य वर्षानुवर्षें बहुतांशीं एकटा आणि विनावेतन काम करीत होता. आपण थकलों आहों, असें त्यानें २०२२ सालीं उघडपणें सूचितहि केलें होतें. इकडे काम मंद चालतें म्हणून कांहीं अनोळखी नांवांनीं त्याच्यावर दडपण येऊं लागलें, आणि त्याच वेळीं जिया टॅन ह्या नांवानें वावरणारें कोणी मदतनीस म्हणून पुढें झालें. दोन-अडीच वर्षें निमूटपणें उपयुक्त काम करून त्यानें विश्वास संपादन केला, आणि २०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें निघालेल्या दोन आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसविला. दुरून संगणकांत प्रवेश देणाऱ्या द्वारपालाच्या प्रोग्रामलाच त्यानें त्या मार्गानें फितविलें होतें. आणि युक्ति कशी पाहा: विषारी भाग चांचणीसाठीं म्हणून ठेविलेल्या फाइलींत दडविलेला होता, आणि तो जागा करणारी ओळ सर्वांच्या डोळ्यांसमोरच्या संहितेंत मुळींच नव्हती, वाटपासाठीं बांधलेल्या गठ्ठ्यांत तेवढी होती. फळ्यावर एक रीत, आणि उत्तरपत्रिकेंत दुसरी!

हा चोरदरवाजा पकडला तो अँड्रेस फ्रॉइंड यांनीं. ते एका डेटाबेसचे जाणकार. सुरक्षितता हा त्यांचा व्यवसायहि नव्हे. वेगाच्या बारीक मोजण्या करीत असतां त्यांना दिसलें कीं, संगणकांत प्रवेश करावयास पूर्वीं सुमारें ०.३ सेकंद लागत असे, तेथें आतां ०.८ सेकंद लागत आहेत. अर्धा सेकंद! आपण डोळ्यांची पापणी लववितों आणि विसरून जातों, तेवढाच हा काळ. पण पूर्वीं नव्हतें तें आतां कां व्हावें, हा प्रश्न त्यांनीं सोडला नाहीं. पायरी पायरीनें मागें जाऊन ते मुळाशीं पोंचले आणि २९ मार्च २०२४ रोजीं त्यांनीं सर्व पुराव्यानिशीं ती गोष्ट जाहीर केली. तोंवर त्या आवृत्त्या मुख्यतः परीक्षणाधीन सिस्टिमांतच पोंचल्या होत्या, म्हणून अनर्थ टळला.

ह्यावरून कोणी म्हणेल, रीत उघडी होती म्हणून चोर घरांत शिरला. कोणी म्हणेल, रीत उघडी होती म्हणूनच तो सांपडला. दोन्ही खरें आहे. कुलपांतल्या संहितेंतहि चोरदरवाजे असूं शकतात. पण तेथें अर्ध्या सेकंदाचा संशय आलेला बाहेरचा मनुष्य दाराशींच अडतो. उघड्या संहितेंत त्याला शेवटपर्यंत जातां येतें. मात्र वाट मोकळी असणें निराळें आणि तिच्यावरून कोणी चालणें निराळें. पाहण्याचा अधिकार सर्वांना असला म्हणजे दुसरा कोणी पाहतच असेल असें प्रत्येकास वाटूं लागतें, आणि सार्वजनिक विहिरीचा काठ ढासळावा तसें होतें: पाणी सर्व भरतात, दगड कोणी बसवीत नाहीं. कर्नलवर काम करणारे बहुतेक लोक आज निरनिराळ्या कंपन्यांचे वेतन घेतात; पण ज्यांच्यावर मोठाले उद्योग निर्धास्त उभे आहेत, असे कित्येक लहान प्रोग्राम एकट्यादुकट्या माणसाच्या फावल्या वेळावर जगत आहेत. त्यांना द्रव्याचें साह्य हवें, सोबतीचे हात हवेत, आणि निदान तगादा करणारांची भाषा तरी सभ्य हवी.

ज्या घरांत तरुण मुलें संगणकाचा अभ्यास करीत आहेत, त्या घरांतील वडील मंडळींस माझें एक सांगणें आहे. मुलाला नवा प्रोग्राम लिहितां आला म्हणजे आपण त्याची पाठ थोपटतों, तें योग्यच आहे. पण एखाद्या दिवशीं तो दुसऱ्याच्या प्रोग्राममधील एक दोष शोधून, तो कसा घडतो हें चार स्वच्छ वाक्यांत लिहून पाठवील, तर त्या दिवशीं त्याची पाठ अधिक थोपटावी. त्या चार वाक्यांचा लाभ त्याला कधींहि न दिसणाऱ्या माणसांना होणार असतो. ह्या साऱ्या सृष्टीचा डोलारा अशाच वाक्यांवर उभा आहे.