शस्त्रांचे घाव आणि अनाम हात

(नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



रणांगणाचा इतिहास आपण सेनापतींच्या नावांनी लक्षात ठेवतो; घाव शिवणारे हात मात्र विस्मृतीत जातात. १७०८ साली याच नांदेडमध्ये गुरू गोविंदसिंगजींवर मारेकऱ्याने वार केला. परंपरा सांगते की, बादशहा बहादूरशहाने शल्यवैद्य पाठवून जखम शिवून घेतली. परंतु ती पुरती भरण्याआधीच गुरुजींनी बळकट धनुष्य ओढले आणि टाके उसवले. सचखंडात माथा टेकताना त्या वैद्याची आठवण कोण काढतो?

सैन्यासोबत वैद्य असावा, हा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘युक्तसेनीय’ हा स्वतंत्र अध्यायच आहे. छावणीत वैद्याचा मुक्काम राजनिवासाजवळ असावा, म्हणजे शल्याने वा विषाने पीडित झालेले त्याच्याकडे निःशंकपणे येतील, असे तो सांगतो. छिन्न झालेले नाक गालाच्या त्वचेने पुन्हा घडविण्याची कृतीही याच संहितेत आहे.

या ज्ञानाचे पुढे काय झाले? १७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेचा एक मराठा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. इंग्रजी वृत्तान्तात त्याचे नाव ‘कावसजी’ असे आले आहे. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ एका कारागिराने त्याला नवे नाक दिले. मेणाचा साचा करून तो कपाळावर ठेवला, तेवढी त्वचा सोडवली, भुवयांमधला धागा राखून ती खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. वर काथाचा लेप, नंतर तुपात भिजवलेल्या पट्ट्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो जोड कापला. क्रूसो आणि फिंडले या मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हा वृत्तान्त छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने शवांवर सराव केला, १८१४ साली पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये ग्रंथ लिहिला. त्याचा दुसरा रुग्ण अल्बुएराच्या लढाईत तलवारीने नाक गमावलेला सैनिकी अधिकारी होता. पुण्याची विद्या अशा रीतीने युरोपच्या रणभूमीपर्यंत पोहोचली.

याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण वृत्तान्तातील एक तपशील अस्वस्थ करतो. रुग्णाचे नाव आहे, पाहणाऱ्यांची नावे आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याची ओळख मात्र एवढीच, की तो विटा पाडणाऱ्या जातीचा होता. गालाऐवजी कपाळाची त्वचा घेणे ही संहितेच्या पुढची पायरी होती. ती कोणी शोधली, याची नोंद एकाही पोथीत झाली नाही. पोथी पंडितांकडे राहिली, शस्त्र कारागिराकडे. दोघांची गाठ पडली नाही. कार्प्यूने पाहिलेले नव्हते, फक्त वाचले होते. पण त्याने सराव केला, लिहिले आणि शिकवले. म्हणून विद्या त्याच्या नावाने वाढली.

सुश्रुताचे नाव घेणाऱ्यांवर म्हणूनच एक उत्तरदायित्व येते. विद्या ज्या हातात असेल, त्या हाताला आधी मान द्यावा, मग तिची नोंद आणि परीक्षा करावी. आपल्या गावातल्या कुशल हातांची नावे तरी आपण लिहून ठेवली आहेत का? हा प्रश्न घेऊनच आज घरी जाऊ या.